तामलवाडी, श्रेयांक दोन

सोलापुरातून तुळजापूरच्या रस्त्याला लागलं की अर्ध्या तासात तामलवाडीचा टोलनाका येतो. काचेवरचा फास्टॅग वाचला जातो, खिशातला मोबाइल वाजतो आणि पैसे गेल्याचं कळतं. तेवढ्या प्रवासात तुम्ही पश्चिम महाराष्ट्रातून मराठवाड्यात, पुणे महसुली विभागातून छत्रपती संभाजीनगर विभागात आणि एका विद्यापीठाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत शिरलेले असता. टोलची पावती मागितली तर मिळते. बाकीच्या गोष्टींची नोंद कुणी ठेवत नाही, कारण त्या कुठल्याच विषयाच्या अभ्यासक्रमात बसत नाहीत.

म्हणून माझा एक प्रस्ताव आहे. तामलवाडी परिसर हा विषय पदवीला ‘मायनर’ म्हणून ठेवावा.

हसायचं कारण नाही. सरकारनेच तशी सोय करून ठेवली आहे. २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रातली पदवी नव्या धोरणाच्या साच्यात घातली. २०२३-२४ ला विद्यापीठांचे विभाग आणि स्वायत्त महाविद्यालयं, २०२४-२५ ला संलग्न महाविद्यालयं. आता बी.ए.ला काय घेतलंस असं कुणा मुलाला विचारलं तर तो मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, ओजेटी, सीईपी, एफपी असं एसटी कंडक्टरने थांबे सांगावेत तसं एका दमात म्हणून दाखवतो. कुठे उतरायचं ते त्याला माहीत नसतं. यातल्या आयकेएसचा, म्हणजे भारतीय ज्ञानप्रणालीचा, हिशेब मला फार आवडतो. श्रेयांक दोन. एका श्रेयांकाचे तास पंधरा. म्हणजे चरक, पाणिनी, आर्यभट, कौटिल्य आणि उरलेला भारत मिळून तीस तास. गणपतीची सुट्टी त्यातच.

मायनरची कल्पना मात्र चांगली आहे, हे कबूल करायला हवं. परदेशी विद्यापीठांत प्रादेशिक अभ्यास नावाचं आंतरविद्याशाखीय मायनर कितीतरी ठिकाणी असतं. जमिनीचा एक तुकडा धरायचा, म्हणजे लॅटिन अमेरिका घ्या, बाल्कन घ्या, दक्षिण आशिया घ्या, आणि त्याची भाषा, इतिहास, भूगोल, बाजार, धर्म, साहित्य असं सगळं थोडं थोडं पण एकमेकांना धरून शिकायचं. मुख्य विषय रसायनशास्त्र असला तरी चालतो. त्या मुलाला आयुष्यभर निदान एका मुलखाबद्दल तरी चार बाजूंनी बोलता येतं.

आपल्याकडे मायनर कसं ठरतं? कागदावर विद्यार्थ्याच्या आवडीने. प्रत्यक्षात कार्यभाराने. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवणं भरावं लागतं. ज्या विभागात मुलं येईनाशी झाली, त्याचे तास कमी पडतात. तास कमी पडले की पद धोक्यात येतं. पद धोक्यात आलं की प्राचार्यांच्या केबिनमध्ये एक दुपार जाते आणि दुसऱ्या दिवशी तो विषय सगळ्या शाखांना मायनर म्हणून उघडा होतो. ज्या सरांचे तास कमी पडतात, त्यांचा विषय आंतरविद्याशाखीय. एवढी सोपी व्याख्या धोरणाच्या कुठल्याही पानावर सापडणार नाही, पण प्रवेशाच्या खिडकीवर सगळ्यांना ठाऊक असते. आणि जिथे कायम पदच भरलेलं नाही, तिथे तासिका तत्त्वावरचे सर असतात. ते स्वतःच आंतरविद्याशाखीय असतात. सकाळी एका कॉलेजात इतिहास, दुपारी दुसऱ्या कॉलेजात राज्यशास्त्र, संध्याकाळी घरी सोयाबीन.

जगात हा विषय जन्मला तो कुतूहलातून, असं माहितीपत्रकांत लिहितात. तो जन्मला भीतीतून. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात फिरायला लागला आणि अमेरिकेच्या लक्षात आलं की आपल्याला जगातल्या बऱ्याच लोकांची भाषाच येत नाही. २ सप्टेंबर १९५८ ला आयझेनहॉवर यांनी राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यावर सही केली. नावातच संरक्षण. त्या पैशातून अमेरिकी विद्यापीठांत परक्या भाषांची आणि प्रदेशांची केंद्रं उभी राहिली. बरोबर दहा दिवस आधी, २३ ऑगस्ट १९५८ ला, इकडे औरंगाबादेत नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन झालं होतं. अमेरिकेने आपल्याला ज्याची धास्ती वाटते त्या प्रदेशांच्या अभ्यासाला पैसे दिले. आपण आपल्या प्रदेशाच्या नावाचं विद्यापीठच काढलं. पुढे १४ जानेवारी १९९४ ला त्याचा नामविस्तार झाला, आणि त्या नामविस्तारासाठी मराठवाड्याने सोळा वर्षं जे सोसलं आणि जे दाखवलं, तो एकटा विषय मायनरची सगळी सत्रं पुरून उरेल. ठेवायची कुणाची हिंमत असेल तर.

अमेरिकेची गोष्ट इथे संपत नाही. पीएल-४८० नावाचा कायदा जुन्या मंडळींना गव्हामुळे आठवतो. तिकडचं धान्य इकडे यायचं, त्याचे पैसे रुपयांत इथेच साठायचे. त्या रुपयांचं करायचं काय? साठच्या दशकात त्यातून भारतात छापली जाणारी पुस्तकं घेऊन अमेरिकी ग्रंथालयांना पाठवायला सुरुवात झाली. मराठीही त्यात होती. आपण रेशनच्या रांगेत उभं राहून गहू घेतला आणि त्या पैशात आपल्याच कादंबऱ्या, संतवाङ्मय आणि दिवाळी अंक जहाजात बसले. आज मराठी मुलखावर संशोधन करणाऱ्याला एखादं जुनं पुस्तक तालुक्याच्या वाचनालयात मिळालं नाही तर शिकागोला बघा असं सांगतात. सांगणारा चेष्टा करत नसतो.

तामलवाडीच्या आसपासचा अभ्यास साहेबानेही करून ठेवला आहे. १८५३ च्या तहात निजामाने इंग्रजांकडे जो मुलूख सोपवला, त्यात नळदुर्गचा जिल्हा होता. त्याचा कारभार कॅप्टन फिलिप मेडोज टेलर याच्याकडे आला. हा ठगाची कहाणी लिहिणारा टेलर. त्याने रस्ते केले, महसुलाची घडी बसवली, आणि १८६० मध्ये मुलूख निजामाला परत गेल्यावर ‘तारा’ नावाची कादंबरी लिहिली, तिची सुरुवात थेट तुळजापुरात. जिल्हाधिकारी म्हणून नेमणूक होऊन त्याच जिल्ह्यावर कादंबरी लिहिणारा अधिकारी नंतर इकडे फिरकल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. आताचे अधिकारी यशदाला व्याख्यान देतात.

आता प्रश्न असा की तामलवाडीत शिकवणार काय. तर पाण्यापासून सुरू करू. मराठवाडा म्हटलं की गोदावरी, हे आपण पाळण्यापासून ऐकतो. सिंचनाचं महामंडळसुद्धा गोदावरीच्या नावाचं. पण तामलवाडीत पडलेला पाऊस गोदावरीकडे बघतही नाही. तो बालाघाटाच्या खालच्या अंगाने सीना-भीमेकडे जातो आणि पुढे कृष्णेला मिळतो. माणूस मराठवाड्याचा, पाणी कृष्णेचं. कृष्णेच्या पाण्यात मराठवाड्याचा वाटा मागायचा तो याच भूगोलाच्या जोरावर, आणि कृष्णा-मराठवाडा योजनेचं पाणी उचलून तुळजापूरजवळच्या रामदरा तलावात आणायचं तेही याच हिशेबात. हा हिशेब तालुक्यातल्या शेतकऱ्याला टीएमसीत पाठ आहे. भूगोलाच्या पदवीधराला रुर खोऱ्यातला कोळसा पाठ आहे.

मग राजवटी. सोलापूर इंग्रजांचं, तामलवाडी निजामाची, आणि मध्ये हद्द. १९४८ पूर्वी पलीकडच्या मुलाला कॉलेजसाठी मुंबई-पुण्याची वाट होती आणि अलीकडच्या मुलाला हैदराबादची, तिथे १९१८ पासून उर्दू माध्यमाचं उस्मानिया विद्यापीठ होतं. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा सोलापूरकडून निजामी मुलखात शिरल्या तेव्हा पहिली झटापट नळदुर्गला झाली. नळदुर्ग तामलवाडीच्याच तालुक्यात. चार दिवसांनी, १७ सप्टेंबरला, निजाम शरण आला. दरवर्षी त्या तारखेला झेंडावंदन होतं, भाषण होतं, बुंदी वाटतात. मुक्तिसंग्रामातला गाव कुठला, हद्दीपलीकडे कुणी कुणाला आसरा दिला, रझाकारांच्या काळात आणि पोलिस कारवाईनंतरच्या दिवसांत कोणाकोणाची घरं जळाली, हे सगळं गावातल्या ऐंशी-नव्वदीच्या माणसांबरोबर हळूहळू चाललं आहे. त्यातला दुसरा भाग तर झेंडावंदनाच्या भाषणात कधी येतच नाही. तीन तासांच्या पेपरला एक टीप विचारतात, पाच गुणांची.

हद्द गेली असं म्हणतात. कुठे गेली? सोलापूर १९६२ नंतर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होतं, २००४ पासून त्याला स्वतःचं, एका जिल्ह्याचं विद्यापीठ आहे. ते तामलवाडीपासून बसच्या एका तिकिटावर. तामलवाडीची मुलं सोलापुरात क्लास लावतात, सोलापुरात चष्मा करतात, बाप सोलापूरच्या बाजार समितीत कांदा घेऊन जातो, आजी आजारी पडली की सोलापूरलाच नेतात. पण तालुक्याच्या कॉलेजात शिकलं तर पदवीवर शिक्का संभाजीनगरचा, जवळजवळ तीनशे किलोमीटरवरचा. धाराशिवला उपकेंद्र आहे, हे खरं. उपकेंद्रातून फाइल मुख्य केंद्रात जाते, हेही खरं. शासनाच्या दृष्टीने माणूस आजारी पुणे विभागात पडू शकतो, शहाणा मात्र संभाजीनगर विभागातच झाला पाहिजे.

या सगळ्या हद्दींना एक बाई जुमानत नाही. दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की तुळजाभवानी पलंगावर निद्रा घेते. तो पलंग अहिल्यानगरकडून येतो. कोजागरी पौर्णिमेला देवी उठायची असते, त्या वेळी सोलापूरच्या काठ्या निघतात, आणि सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर गाड्या बंद ठेवून माणसांना वाट करून द्यावी लागते. लाखो लोक चालतात. कुणी कानडीत देवीला हाक मारतं, कुणी तेलुगूत, कुणी दख्खनीच्या वळणाच्या मराठीत. टोलनाक्यावरून पायी जाणाऱ्याला टोल नाही. हा रस्ता कागदावर राष्ट्रीय महामार्ग ५२, पंजाबातल्या संगरूरपासून कर्नाटकातल्या अंकोल्यापर्यंत. जानेवारी २०१९ मध्ये त्याच्या सोलापूर-तुळजापूर-धाराशिव टप्प्याच्या चौपदरीकरणाचं लोकार्पण झालं. पण त्या आठवड्यात तो देवीचा रस्ता असतो, आणि प्रदेश म्हणजे काय ते विद्यापीठाच्या नकाशापेक्षा त्या गर्दीत जास्त चांगलं कळतं.

हे मी म्हणत नाही. ॲन फेल्डहाउस नावाच्या अमेरिकी बाईंनी म्हटलं आहे. महाराष्ट्रातल्या नद्या, कावडी, यात्रा आणि महानुभावांचा भूगोल यांच्यावर त्यांचं पुस्तक २००३ मध्ये आलं. माणसं चालून, पाणी वाहून, देवांची नाती लावून प्रदेश कसा तयार करतात, हा त्याचा विषय. त्यांच्याआधी गुंथर सोन्थायमर जर्मनीतल्या हायडेलबर्गहून येऊन धनगरांच्या मागे रानोमाळ हिंडले. आणि त्याही आधी इरावती कर्वे पालखीबरोबर चालत गेल्या आणि महाराष्ट्राची सीमा वारकऱ्यांच्या पायांनी ठरवून परत आल्या. त्यांच्या डेक्कन कॉलेजच्या कपाटात मानवशास्त्र, भाषा आणि महाभारत एकत्र नांदत होते. तेव्हा त्याला आंतरविद्याशाखीय म्हणत नसत. नुसतं वाचन म्हणत.

रा. चिं. ढेरे घ्या. तुळजाभवानीवर स्वतंत्र ग्रंथ. विठ्ठलावरच्या ग्रंथाला १९८७ चा साहित्य अकादमी पुरस्कार. शिलालेख, स्थलपुराणं, लोकगीतं, कानडी आणि तेलुगू धागे, मूर्तिशास्त्र, सगळं एका माणसाच्या टेबलावर. सेतुमाधवराव पगडी घ्या. १९१० साली निलंग्यात जन्मले. मराठी, उर्दू, फारसी, कानडी, तेलुगू येत होत्याच, निजामाच्या नोकरीत आदिलाबादच्या जंगलात गेले तर गोंडी आणि कोलामी शिकून आले. या दोघांना आज मायनर घ्यायचं म्हटलं तर ढेऱ्यांचे तास जमणार नाहीत आणि पगड्यांच्या निलंग्याचा जिल्हा कोणता यावरून अर्ज अडेल, कारण ते गाव आधी बीदर जिल्ह्यात, १९५६ नंतर उस्मानाबादेत आणि १९८२ पासून लातूरमध्ये. गाव तिथेच आहे.

जिल्ह्यांची नावं बदलतात त्याचा राग येऊ नये. २०२३ मध्ये उस्मानाबादचं अधिकृतपणे धाराशिव झालं. शेळी मात्र अजून उस्मानाबादीच आहे. ती काळी, काटक, दुष्काळात टिकणारी आणि बहुतेक जुळी देणारी जात त्या नावाने देशभर नोंदलेली आहे, आणि तिने राजपत्रातल्या दुरुस्तीसाठी अर्ज केलेला नाही. माझ्या मायनरमध्ये ती स्वतंत्र प्रकरण म्हणून असेल. दुष्काळात या जिल्ह्याला सरकारपेक्षा जास्त कुणी सांभाळलं असेल तर तिने.

सरकारचाही एक प्रादेशिक अभ्यास आहे. त्याला अनुशेष म्हणतात. १९८४ मध्ये दांडेकर समितीचा अहवाल आला, २०१३ मध्ये केळकर समितीचा. कुठल्या भागात रस्ते किती कमी, विहिरी किती कमी, शाळा किती कमी. प्रदेशाकडे पाहण्याची ही पद्धत इतकी मुरली आहे की मराठवाड्याच्या माणसाला तुमच्याकडे काय आहे असं विचारलं तर तो काय नाही ते सांगायला लागतो. त्यासाठी १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ मिळालं होतं. ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली. कमतरता मोजणारं मंडळच कमी झालं.

प्रदेशाचा अभ्यास म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असं वाटत असेल त्यांनी २०२३ ची दिवाळी आठवावी. मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं, न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या तहसिलांत निजामकालीन नोंदींचे गठ्ठे उघडले. कुणबी हा शब्द शोधायचा होता. तो मोडीत होता, उर्दूत होता, फारसी वळणाच्या महसुली लिपीत होता. खासरा पत्रक, सेतवार, जन्ममृत्यूचे रजिस्टर. आणि अख्ख्या यंत्रणेला एकदम प्रश्न पडला की हे वाचणार कोण? मोडीचे जाणकार शोधायला माणसं धावली. उर्दू वाचणाऱ्या मौलवींना तहसिलात खुर्ची आणि चहा मिळाला. समिती हैदराबादला जाऊन आली. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेणारा शासन निर्णयच निघाला. राज्याचं राजकारण ज्या कागदावर अडलं, तो कागद वाचायला मोडी, उर्दू, महसूल व्यवस्था, जातींचा इतिहास आणि निजामाची प्रशासकीय रचना एवढं सगळं एका डोक्यात लागत होतं. हेच ते मायनर! दोन सत्रांचं. तालुक्याला अशी दहा पोरं तयार असती तर त्यांना तेव्हा मेजर विषयवाल्यांपेक्षा जास्त पैसे मिळाले असते. गठ्ठे परत बांधले गेले. अभ्यासक्रम काही कुणी उघडला नाही.

तुळजापुरात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर ऐंशीच्या दशकापासून आहे, हे इथे सांगायला हवं, नाहीतर पत्रं येतील. देशभरातली मुलं तिथे ग्रामीण विकास शिकायला येतात, आसपासच्या गावांत राहतात, वस्त्यांवर जातात. चांगलं काम आहे. फक्त एक गंमत दिसते. दिल्ली-गुवाहाटीची मुलं तुळजापूर तालुका समजून घ्यायला गाडी बदलत इथे येतात, आणि त्याच दिवशी तामलवाडीच्या थांब्यावरून इथली मुलं एमपीएससीचे क्लास लावायला पुण्याला निघालेली असतात. तिथे त्यांना महाराष्ट्राचा भूगोल शिकवतात.

समजा, यातली एखादी मुलगी गेली नाही आणि तिने माझं मायनर घेतलं. घरी काय होईल ते मला आत्ताच ऐकू येतं.

“कसला विषय घेतलीस म्हनं?”

“प्रादेशिक अभ्यास, आप्पा. आपल्याच भागाचा.”

“आपल्याच भागाचा अभ्यास करायला फी भरायची?”

“व्हय.”

“आन् ह्याच्यात नोकरी लागती का?”

“सरांना लागलीय की.”

“परमनंट?”

“न्हाई. तासावर.”

“मंग त्यांना तरी कुटं लागलीय!”

आप्पांचा मुद्दा अभ्यास मंडळापुढे मांडण्यासारखा आहे, पण अभ्यास मंडळाला इतर मुद्दे असतील. माझा प्रस्ताव तिथे गेला तर बैठक कशी होईल, याचा मी अंदाज बांधून ठेवला आहे. पहिला आक्षेप, विषय कुठल्या विद्याशाखेचा? पाणी आहे म्हणून विज्ञानाकडे पाठवावा तर त्यात देवी आहे, मानव्यविद्येकडे ठेवावा तर त्यात शेळी आहे. दुसरा, कानडी आणि तेलुगूचं पद मंजूर नाही. सोलापुरात दोन्ही भाषा घराघरांत बोलतात हे कुणीतरी सुचवेल, त्यावर सोलापूर आपल्या अधिकारक्षेत्रात येत नाही अशी नोंद होईल. तिसरा, कोजागरीची पदयात्रा हा क्षेत्रअभ्यास म्हणून धरला आहे, परंतु त्याच सुमारास सत्र परीक्षा असतात. पौर्णिमा पुढे ढकलता येईल का, असं विचारण्याइतकं अजून कुणी धीट झालेलं नाही. ते दिवसही येतील. चौथा आक्षेप नावाला. तामलवाडी फार लहान वाटतं. नॅकच्या समितीला नकाशात शोधावं लागेल. त्याऐवजी ‘प्रदेश अभ्यास : जागतिक दृष्टिकोन’ असं ठेवावं.

मग कोर्स आउटकम. हा विषय शिकल्यावर विद्यार्थी काय करू शकेल, ते पाच मुद्द्यांत लिहायचं आणि प्रत्येक मुद्दा प्रोग्राम आउटकमला जोडून चौकटीत एक, दोन किंवा तीन असा आकडा भरायचा. मी भरून पाहिलं. ‘विद्यार्थ्याला आपल्या आजोबांचा सातबारा वाचता येईल’ हे कुठल्याच चौकटीत बसलं नाही. ‘विद्यार्थी शाश्वत विकासाच्या संकल्पनेचे विश्लेषण करेल’ हे सगळ्या चौकटींत बसलं, तीन-तीन आकड्यांनी.

शेवटी तोडगा निघेल, निघतोच. अठरा-वीस श्रेयांकांचं मायनर परवडत नाही, म्हणून तामलवाडी दोन श्रेयांकांच्या ओपन इलेक्टिव्हमध्ये टाकण्यात यावी. शिकवायला माणूस नाही, म्हणून हा विषय ‘स्वयम्’ पोर्टलवरून ऑनलाइन घ्यावा. व्हिडिओतले तज्ज्ञ पुण्याचे किंवा दिल्लीचे असावेत. विद्यार्थ्यांनी ते तामलवाडीत मोबाइलवर पाहावेत, रेंज नसल्यास टोलनाक्यापाशी उभं राहून पाहावेत. अंतर्गत मूल्यमापनासाठी क्षेत्रभेटीचा एक जिओटॅग केलेला फोटो अपलोड करणं बंधनकारक. फोटोत गावाच्या नावाची पाटी, अक्षांश-रेखांश, विभागप्रमुख आणि बॅनर हे चारही स्पष्ट दिसले पाहिजेत. ग्रामस्थ दिसले नाहीत तरी चालतील, पण त्यांच्या सह्या लागतील.